पाण्यात सोडलेला कान : हायड्रोफोनच्या वर्षभराच्या वापरानंतर

बेळगावात राहून पाण्याखालचे आवाज ऐकण्याचे यंत्र विकत घेणे ही पैशांची उधळपट्टी आहे, असे आमच्या घरात एकमुखाने ठरले होते. तरीही गेल्या वर्षी मी एक हायड्रोफोन मागवला. मराठी शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला ध्वनीच्या धड्यातील ‘पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असतो’ हे वाक्य दरवर्षी वाचून दाखवावे लागते, आणि त्या वाक्यामागचे पाणी मुलांना एकदा तरी ऐकवावे अशी माझी जुनी इच्छा होती. वर्षभरात हे यंत्र मी घरामागच्या विहिरीत, खानापूरजवळ मलप्रभेत आणि कारवारला काळी नदीच्या मुखाशी वापरले. निर्मात्याचे नाव देत नाही. या किमतीतील बहुतेक हायड्रोफोन एकाच पद्धतीने बांधलेले असतात आणि पुढे सांगितलेले गुणदोष थोड्याफार फरकाने सर्वांनाच लागू पडतात.

वस्तू दिसायला अगदी साधी आहे. पाच रुपयांच्या नाण्याएवढी एक दाबविद्युत चकती काळ्या रबरात बंद केलेली, तिला दहा मीटर केबल आणि केबलच्या टोकाला हेडफोनला असते तशी पिन. पाण्यातील दाब बदलला की चकती किंचित दबते आणि तेवढ्या प्रमाणात वीज निर्माण होते. गॅस पेटवण्याच्या लायटरमध्ये जे तत्त्व वापरतात तेच इथे अधिक नाजूकपणे वापरले आहे. जकात आणि कुरिअर धरून मला ती साडेअकरा हजारांना पडली. आवाज साठवायला लागणारा रेकॉर्डर वेगळा घ्यावा लागतो आणि त्याची किंमत हायड्रोफोनपेक्षा जास्त होते, ही गोष्ट जाहिरातीत कुठेही ठळकपणे सांगितलेली नाही.

त्याहून महत्त्वाची एक गोष्ट जाहिरात सांगत नाही, आणि ती न समजल्यामुळे माझे पहिले दोन महिने वाया गेले. पिन सरळ मोबाइलला किंवा साध्या रेकॉर्डरला जोडली तर आवाज येतो, पण तो पातळ आणि किरकिरा येतो. अशी चकती विद्युतदृष्ट्या एखाद्या लहान धारित्रासारखी (कपॅसिटरसारखी) वागते आणि तिला कमी रोधाच्या यंत्राला जोडले की खालच्या पट्टीतील आवाज वाटेतच गळून जातात. गंमत अशी की बहुतेक माशांचे आवाज नेमके त्याच खालच्या पट्टीत, साधारणपणे १०० ते १,००० हर्ट्झच्या दरम्यान असतात. म्हणजे मासे ऐकण्यासाठी घेतलेले यंत्र मासे सोडून बाकी सर्व ऐकवत होते. मध्ये उच्च रोधाचा एक छोटा प्रवर्धक (अ‍ॅम्प्लिफायर) जोडल्यावर फरक पडला. तो इथल्याच एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मित्राने संध्याकाळभरात जोडून दिला. हा प्रवर्धक यंत्रातच बसवलेला नसेल तर ते घेऊ नये, इतके माझे मत आता पक्के आहे.

विहिरीतील प्रयोगाबद्दल फार सांगण्यासारखे नाही; दुपारच्या उन्हात शेवाळातून सुटणाऱ्या बुडबुड्यांची टिकटिक ऐकू आली आणि शेजारच्या घरातील मोटार सुरू झाली की तीही गेली. मलप्रभेचा अनुभव मात्र लक्षात राहिला. खानापूरच्या खाली नदीकाठी उसाला पाणी देणारे पंपसंच ओळीने बसवलेले आहेत आणि त्यांचे लोखंडी नळ सरळ पात्रात उतरतात. काठावर उभे राहिल्यावर जो आवाज आपल्याला दुरून येणाऱ्या घुमण्यासारखा वाटतो, तो पाण्याखाली गिरणीत उभे राहिल्यासारखा येत होता, कारण नळ स्वतःच थरथरतो आणि ती थरथर थेट पाण्याला देतो. अर्धा तास मी हेडफोन लावून केवळ मोटारी ऐकल्या. मग शेतीची थ्री-फेज वीज गेली. एकामागून एक सर्व पंप बंद पडले आणि दहा-पंधरा सेकंदांत नदी उघडी पडल्यासारखी झाली: आधी पाणकिड्यांची बारीक करकर, नंतर तळातून येणारे खरखरीत, तुटक आवाज, कोणीतरी कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावे तसे. शिंगाळ्याच्या कुळातील मासे छातीजवळच्या पराचा काटा त्याच्या खोबणीत घासून असा आवाज काढतात. वीज गेली म्हणून आनंद झाल्याचा हा माझ्या आयुष्यातील बहुधा एकमेव प्रसंग असावा. काठावरच्या शेतकऱ्यांपुढे तो व्यक्त करण्याचे धाडस मी केले नाही.

कारवारला मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या गाडीतून. सदाशिवगडच्या बाजूला काळी नदी समुद्राला मिळते तिथे एका तांडेलाची, म्हणजे मच्छीमार नाखव्याची, छोटी होडी आम्ही रात्रीपुरती ठरवली. केबलला वजन म्हणून त्यांनी आपल्या जाळ्याच्या शिशाच्या दोन गोळ्या बांधून दिल्या, आणि ही जोड कारखान्यातून आलेल्या क्लिपपेक्षा सरस निघाली. इंजिन चालू असताना हेडफोनमध्ये त्याच्याशिवाय दुसरे काहीच नव्हते. विद्यार्थ्याने एका कानाला हेडफोन लावून पाहिला आणि तो म्हणाला, “मासे बोलत असतील खरं आपल्याला आपलंच इंजिन ऐकू येतंय की, सर.” परीक्षण इथेच संपवले असते तरी चालले असते, कारण या यंत्राविषयी मला जे सांगायचे आहे त्याचा गाभा त्या वाक्यात आहे: ऐकायला जाण्यासाठी आपण जे वाहन वापरतो तेच ऐकण्यातील पहिला अडथळा असते.

इंजिन बंद करून नांगर टाकल्यावर पाच मिनिटांनी जे ऐकू येऊ लागले, त्याने साडेअकरा हजार वसूल झाले. पार्श्वभूमीला अखंड तडतड होती, नागपंचमीच्या आधी घरात ज्वारीच्या लाह्या फुटतात तशी. ही पिस्तूल कोळंबीची करामत आहे. बोटाएवढी ही कोळंबी आपली मोठी नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्याची धार सुटून मागे एक पोकळ बुडबुडा तयार होतो, आणि तडाखा येतो तो नांगी आपटल्यामुळे नव्हे तर तो बुडबुडा कोसळल्यामुळे. ही गोष्ट २००० साली वेगवान चित्रणातून सिद्ध झाली. तडतडीच्या खाली, मधूनमधून, लाकडी दारावर बोटांच्या पेरांनी ठोकावे तसे चार-सहा ठोके एकत्र येत. रात्र वाढली तसे ते ठोके वाढले आणि एकमेकांत मिसळू लागले.

तांडेलाला यात नवल वाटले नाही. ढोमा माशांच्या थव्यावरून होडी गेली तर फळीतून आवाज पायाला लागतो, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी गळाला लागलेला एक शिंगाळा पाण्याने भरलेल्या बादलीत सोडला आणि मला हायड्रोफोन त्यात धरायला लावला. मासा बाहेर होता तेव्हा त्याचे कुरकुरणे नुसत्या कानाने ऐकू येत होतेच. बादलीत मात्र त्या कुरकुरीखाली एक जड, घुमणारा सूर होता, जो हवेत आल्यावर हरवून जात होता. दोन आवाज, दोन वेगळी वाद्ये: काट्याचे घासणे आणि वाताशयाचा, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीचा, ढोल.

हा ढोल समजून घेतल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. ढोमा, कोथ, घोळ या एकाच कुळातील माशांच्या पोटात हवेची जी पिशवी असते, तिच्या भिंतीला लागून खास स्नायू असतात आणि ते भराभर आकसून पिशवीवर ठोके देतात. टोडफिश नावाच्या माशात हे स्नायू सेकंदाला २०० वेळा आकसू शकतात, पृष्ठवंशी प्राण्यांतील सर्वांत वेगवान स्नायूंमध्ये त्यांची गणना होते. घोळीची हीच पिशवी वाळवून परदेशात सोन्याच्या भावाने विकली जाते, म्हणजे माशाला आवाज देणारा अवयवच त्याच्या जिवावर उठला आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की हाडांच्या काड्यांचे पर असलेल्या माशांच्या सुमारे दोन-तृतीयांश जाती आवाजाने संवाद साधणाऱ्या कुळांत मोडत असाव्यात आणि ही क्षमता उत्क्रांतीत किमान ३३ वेळा स्वतंत्रपणे उगवली असावी. आवाजाचा आकाराशी संबंध असतोच असे नाही. जेमतेम १२ मिलिमीटर लांबीचा, पारदर्शक शरीराचा डॅनिओनेला नावाचा मासा आपल्या अगदी जवळ १४० डेसिबलपेक्षा मोठा आवाज काढतो, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याजवळ गोव्याच्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ग्रँड बेटाच्या परिसरात माशांचे समूहस्वर ध्वनिमुद्रित केले आहेत. कारवारची खाडी तिथून फार दूर नाही.

आता त्या इंजिनाकडे परत येतो. रात्री साडेनऊच्या सुमारास मुखातून एक ट्रॉलर बाहेर गेला. दिव्यांवरून तो आमच्यापासून बराच दूर होता आणि हवेत त्याचा आवाज जवळजवळ नव्हता, पण हेडफोनमध्ये ठोके पूर्ण बुडाले आणि ट्रॉलर नजरेआड झाल्यावरही बराच वेळ वर आले नाहीत. जहाजाला ढकलणाऱ्या पाण्यातील पंख्याच्या पात्यांमागे बुडबुडे तयार होऊन फुटतात त्याचा हा गोंगाट असतो. कोळंबीचे शस्त्र आणि जहाजाचा गोंगाट एकाच भौतिक क्रियेतून येतात, ही जोडी मला वर्गात फार उपयोगी पडली. जहाजांचा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीत असतो, म्हणजे माशांच्या बोलण्याच्या आणि ऐकण्याच्या पट्टीतच. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ एकाच ठिकाणच्या १९६० च्या दशकातील आणि २००० नंतरच्या नोंदी ताडून पाहिल्यावर ही खालची पट्टी १० ते १२ डेसिबलने वर गेलेली आढळली. डेसिबलची मोजपट्टी लॉगरिथमिक असल्यामुळे १० डेसिबल म्हणजे तीव्रता दहापट, हे मुलांना फळ्यावर करून दाखवल्याशिवाय पटत नाही.

मासे यावर काय करतात? काही जण आवाज चढवतात, लग्नाच्या मांडवात बँडशेजारी उभे राहून बोलणाऱ्या पाहुण्यांसारखे. टोडफिशमध्ये आणि गोड्या पाण्यातील काही माशांतही हे दिसून आले आहे. काही बोलणेच थांबवतात. नर ढोल वाजवतो तो मादीला बोलावण्यासाठी, तेव्हा गप्प बसणे म्हणजे अंडी घालण्याचा हंगाम हुकणे. ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळ भागात २०१६ मध्ये झालेल्या प्रयोगात मोटारबोटीच्या आवाजात लहान डॅमसेल मासे शिकाऱ्याच्या तोंडी दुपटीहून अधिक प्रमाणात पडले, कारण गडबडलेल्या माशांना धोका वेळेवर ओळखता आला नाही. याची उलट बाजू २०२० च्या टाळेबंदीत दिसली. न्यूझीलंडच्या हौराकी आखातात छोट्या बोटींची वर्दळ थांबताच मासे आणि डॉल्फिन यांचा आवाज पोहोचण्याची कक्षा काही ठिकाणी ६५ टक्क्यांपर्यंत वाढली, आणि तीही पहिल्या काही तासांतच. मलप्रभेत वीज गेल्यावर मी अनुभवले ते याच जातीचे होते. रासायनिक प्रदूषण उपसायला पिढ्या जातात. आवाज मात्र यंत्र थांबताच थांबतो.

समुद्राचे बदलणे ही याहून संथ गोष्ट आहे आणि हे यंत्र ती दाखवू शकत नाही, हे खरेदीदाराने लक्षात ठेवावे. १९५१ ते २०१५ या काळात उष्ण कटिबंधातील हिंदी महासागराचे पृष्ठतापमान सरासरी १ अंशाने वाढले. मासे थंड रक्ताचे, त्यामुळे पाणी तापले की ढोल वाजवणारे स्नायू अधिक वेगाने आकसतात आणि टोडफिशच्या हाकेचा सूर वर चढतो. मादीचा कान त्याच गतीने बदलतो का, हा त्यातला खरा प्रश्न. कोळंबीची तडतडही उष्ण पाण्यात वाढते आणि मोठी होते, असे २०२० मध्ये अमेरिकी संशोधकांनी सांगितले, तर समुद्रतळातून कर्बवायू झिरपणाऱ्या जागी, जिथे पाणी मुळातच आम्लधर्मी आहे, तिथे तीच तडतड मंदावलेली आढळली होती. म्हणजे उष्णता लाह्या अधिक फोडते आणि आम्लता आच कमी करते. औद्योगिक युगापासून समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; तो उतरला की आम्लता वाढते) ८.२ वरून ८.१ वर आला आहे. ऐकायला हा दशांशाचा खेळ वाटतो, पण हायड्रोजन आयनांच्या हिशेबात ही वाढ पाव हिश्शाहून जास्त भरते.

बेळगावच्या मासळी खवय्यांना यातील एक तपशील आवडेल. मोडसो, ज्याला शास्त्रज्ञ कोबिया म्हणतात, त्याच्या पिल्लांना भरपूर कर्बवायू मिसळलेल्या पाण्यात वाढवल्यावर त्यांच्या कानातील खडे जवळजवळ निम्म्याने मोठे झाले. मासे खाताना डोक्यातून जे पांढरे, चिनी मातीसारखे कठीण खडे दाताखाली येतात तेच हे. माशाला बाहेरचा कान नसतो. शरीर पाण्याबरोबर हलते, जड खडा मागे रेंगाळतो आणि त्या फरकावरून त्याला आवाज कळतो. खडा मोठा झाला तर पिल्लाला अधिक दुरून ऐकू येईल, असा संशोधकांचा गणिती अंदाज आहे. वरवर हा फायदा वाटतो; पण गोंगाट वाढत असलेल्या समुद्रात तीक्ष्ण कान हा फायदा की शिक्षा, हे तो मासाच जाणे. त्या अभ्यासाविषयी वाचल्यापासून मी ताटातील खडे धुऊन एका डबीत जमवतो. घरी याचेही कौतुक नाही.

खड्यांवरूनच या यंत्राची सर्वांत मोठी मर्यादा स्पष्ट होते. हायड्रोफोन दाब मोजतो, आणि बहुतेक मासे मुख्यतः पाण्याच्या कणांची हालचाल ओळखतात. मोरी (शार्क) आणि मोठा झालेला लेप यांना वाताशय नसतो, त्यामुळे माझ्या हेडफोनमध्ये येते ते त्यांच्या वाट्याला जवळजवळ येतच नाही. याउलट हिडकल धरणातले रोहू-कटला आणि शिंगाळ्याचे गोड्या पाण्यातील भाऊबंद यांच्यात वाताशय आणि कान यांना जोडणारी लहान हाडांची साखळी असते आणि त्यांना दाबही उत्तम कळतो. मलप्रभेतला पंप त्यांना माझ्याइतकाच ऐकू येत असणार, हे कळल्यावर ते ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकवत नाही.

दुसरी मर्यादा मोजमापाची. या किमतीत यंत्राचे अंशांकन, म्हणजे प्रमाणित मापाशी जुळवणी, करून मिळत नाही, म्हणून ‘इतके डेसिबल’ असे त्यावरून म्हणता येणार नाही. आज आणि उद्या यांची तुलना तेवढी करता येईल, तीही रेकॉर्डरचा आवाज एकाच खुणेवर ठेवला तर. शिवाय पाण्यातील डेसिबल आणि हवेतील डेसिबल वेगळ्या पायावर मोजतात आणि त्यांत सुमारे ६२ चा फरक धरावा लागतो. जहाज १८० डेसिबलचे म्हणून ते विमानाहून भयंकर, असे आकडे वर्तमानपत्रांत छापून येतात ते या गोंधळातून.

तक्रार एकच, पण मोठी आहे. कारवारच्या पहिल्या फेरीनंतर केबल आणि रबर यांच्या सांध्यातून खारे पाणी आत शिरले आणि आवाजाच्या जागी फरफर उरली. विक्रेत्याने आधी वापरणाऱ्यालाच दोष दिला, खाऱ्या पाण्यातून काढल्यावर गोड्या पाण्याने धुतले नसेल असे लिहिले. मी धुतले होते. चार पत्रांनंतर दुसरी वस्तू पाठवली, ती सहा आठवड्यांनी आली आणि तिच्यावरही मला पुन्हा जकात भरावी लागली. नव्या नगाचा सांधा मी वापरण्यापूर्वीच इपॉक्सीने बुजवून घेतला. केबल होडीच्या काठाला घासली की तो आवाजही दणक्यात येतो. तिथे जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळावा.

दुसरी फेरी मी मुद्दाम मासेमारी बंदीच्या तारखा पाहून ठरवली. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्या बंद असतात, पण पाऊस सुरू झाला की त्याचे थेंब पाण्याखाली इतका आवाज करतात की शांततेचा उपयोग उरत नाही. म्हणून ३० मे आणि २ जून अशा दोन कोरड्या रात्री निवडल्या, धक्का तोच, खोली तीच, वेळ तीच. पहिल्या रात्री बैतखोल बंदराच्या दिशेने सतत येणारी घरघर दुसऱ्या रात्री नव्हती. महामार्गावरच्या मालमोटारींचा पुलाच्या खांबांतून उतरणारा धडधडाट तेवढा शिल्लक होता, आणि तो असतानाही मधूनमधून माशांचे ठोके स्पष्ट ऐकू येत होते. दोन रात्रींवरून निष्कर्ष काढता येत नाही, हे मी मुलांनाही बजावले. तरी आठवीच्या वर्गात दोन्ही ध्वनिमुद्रणे नाव न सांगता ऐकवली तेव्हा बंदीची रात्र कोणती, हे मागच्या बाकांवरच्या मुलांनीसुद्धा बरोबर ओळखले.

शाळेने किंवा तीन-चार जणांनी मिळून घ्यायचे असेल तर घ्यावे. एकट्याने हौस म्हणून घेणाऱ्याने आधी कोणाचे तरी मागून पाहावे. प्रवर्धक आत बसवलेला असावा, केबल दहा मीटरपेक्षा कमी नसावी, आणि खरेदीबरोबर शंभर-दीडशे रुपयांचा पाण्याचा तापमापक घेऊन प्रत्येक ध्वनिमुद्रणापुढे तापमान, भरती-ओहोटी आणि दिसलेल्या होड्या वहीत लिहाव्यात; वर्षांनुवर्षे जागा बदलू नये. माझी वही सध्या सव्वीस पानांची आहे. पुढची नोंद, तांडेल येऊ देतील तर, पुन्हा ३० मेची, आणि या वेळी त्यांची होडी वल्ह्यांवर न्यायची असे आमचे ठरले आहे.